बंद न होणारा संगणक आणि विंडोजची नक्कल

विंडोज १०चं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं आणि जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकण्याचा सल्ला जोरात सुरू झाला. सल्ला चांगलाच आहे. पण भंडाऱ्यातल्या एखाद्या शाळेनं किंवा झेरॉक्सच्या दुकानानं तो मानला आणि शटडाउन केल्यावरही पंखा फिरतच राहिला, तर खापर लगेच लिनक्सवर फुटतं. संगणक नेमका कुठे अडला, हे पाहिल्याशिवाय हा निवाडा देता येत नाही. राइस मिल बंद करताना आधी धान टाकणं थांबवतात, आतला माल निघू देतात आणि मग मोटर बंद करतात. लिनक्सही सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, सुरू केल्याच्या उलट्या क्रमानं थांबवतो. एखादी सेवा ऐकत नसेल तर सहसा ९० सेकंद वाट पाहून तिला सक्तीनं संपवतो. पडद्यावर ‘स्टॉप जॉब’ असं लिहून सेकंद मोजले जात असतील तर अडथळा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि कोणती सेवा अडली तिचं नावही तिथेच दिसतं. डिस्कच्या किंवा तुटलेल्या नेटवर्क फोल्डरच्या उत्तराची वाट पाहणारा प्रोग्रॅम मात्र सक्तीलाही दाद देत नाही.

‘पॉवर डाउन’ किंवा ‘रीस्टार्टिंग सिस्टिम’ ही अक्षरं उमटूनही यंत्र जागचं हललं नाही, तर गोष्ट वेगळी. तिथे लिनक्सनं आपलं काम उरकलेलं असतं. गोठलेला असतो तो बहुधा मदरबोर्डचा फर्मवेअर, म्हणजे बायॉस. रीस्टार्टच्या बाबतीत यामागचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीतल्या २८६ प्रोसेसरला प्रोटेक्टेड मोडमधून परतायला रीसेटखेरीज वाट नव्हती, म्हणून अभियंत्यांनी रीसेटची तार चक्क कीबोर्ड कंट्रोलरला जोडली. नंतर यंत्र बंद-चालू करण्यासाठी एसीपीआय हे मानक आलं, तरी कीबोर्डची ती आडवाट राहिलीच. विंडोज या दोन्ही वाटा आलटूनपालटून दोनदा ठोठावते, हे लिनक्सचे प्रोग्रॅमर मॅथ्यू गॅरेट यांनी २०११मध्ये शोधून काढलं आणि लिनक्सनं तोच क्रम उचलला. इतकंच नव्हे, फर्मवेअरनं ‘तू विंडोज आहेस का?’ असं विचारलं तर लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणतो! गॅरेटसारख्यांच्या या किचकट कामाची दखल फारशी कुणी घेत नाही.

‘त्याच यंत्रावर विंडोज नीट बंद होते, मग दोष लिनक्सचाच ना?’ असा प्रश्न येईल. पण कित्येक बोर्डांची चाचणी विंडोजपुरतीच झालेली असते. त्यामुळे विंडोज नीट बंद होण्यानं बोर्ड निर्दोष ठरत नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये खोट नसतेच, असंही नाही. म्हणून आधी मागच्या बूटची जर्नल नोंद वाचावी, मग बायॉस अपडेट करावा, आणि तरीही रीस्टार्ट अडत असेल तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, रीबूटची दुसरी पद्धत सांगून पाहावी. पॉवरचं बटण दाबून धरणं हा अगदी शेवटचा उपाय: फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या वेगळ्या जर्नलमुळे तिचा सांगाडा बहुधा वाचतो, सेव्ह न केलेला मजकूर नाही.