पॉलिवॅगच्या पोटावर काय आहे?

पॉलिवॅग आठवतो ना? पोकेमॉनच्या यादीतला ६० नंबरचा. गोल गरगरीत निळं अंग, टपोरे डोळे, दोन इवले पाय आणि मागे पसरट शेपूट. हात नाहीतच! आणि पांढऱ्या पोटावर काळ्या रेघेचं एक मोठ्ठं चक्र.

पोकेमॉनचे चाहते या चक्रावर तासन्‌तास भांडू शकतात. एक म्हणतो, हा पाण्यातला प्राणी, मग पोटावर पाण्याचा भोवराच असणार. दुसरा म्हणतो, छे, ते शत्रूला गुंगी आणायला आहे. तिसऱ्याला ती नुसती नक्षी वाटते. खरं उत्तर या तिन्हींपेक्षा भारी आहे. ते चक्र म्हणजे पॉलिवॅगची आतडी!

हे मी मनाचं सांगत नाहीये, बरं का. ज्यांच्या डोक्यातून पोकेमॉनचा खेळ निघाला, त्या सातोशी ताजिरी यांनीच एका मुलाखतीत ते सांगून टाकलंय. ताजिरी लहानपणी टोकियोच्या बाहेरच्या भागात राहायचे. तेव्हा तिथे तळी होती, भातखाचरं होती. हा मुलगा सारखा किडे शोधत फिरायचा, इतका की मित्र त्याला ‘किड्यांचा डॉक्टर’ म्हणायचे. बेडकाचं पिल्लू, म्हणजे टॅडपोल, हातात धरलं की त्याच्या पातळ कातडीतून आतली आतडी दिसतात, हे त्याने तेव्हाच पाहून ठेवलं होतं. पुढे १९९६ साली जपानमध्ये गेमबॉयवर पोकेमॉनचा पहिला खेळ आला. त्यातल्या १५१ प्राण्यांपैकी एकाच्या पोटावर ही आठवण जाऊन बसली. पुढच्या एका खेळात तर पॉलिवॅगच्या माहितीतच लिहिलंय, की त्याची कातडी फार पातळ असते आणि तिच्यातून आतली वळणदार आतडी दिसतात.

आता खरं पिल्लू बघूया. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यातलं थोडं पाणी पारदर्शक बरणीत घ्या. सोबत मोठं माणूस असू द्या. पाण्यात एखादं पिल्लू आलं तर बरणी उचलून खालून बघा. वरून काळपट दिसणाऱ्या पिल्लाचं पोट खालून फिकट आणि काचेसारखं असतं. त्यात बारीक नळी चकलीसारखी वेढे घेत बसलेली दिसते. पाहून झालं की पिल्लू त्याच डबक्यात सोडा.

एवढ्याशा पोटात एवढी लांब नळी कशाला? कारण या पिल्लाचं मुख्य खाणं असतं शेवाळ. त्याच्या तोंडाला चोचीसारखा कडक भाग असतो आणि ओठांवर अगदी बारीक दातांच्या ओळी. त्यांनी ते दगडावरचं शेवाळ खरवडून काढतं. शेवाळ पचायला जड. ते पोटात जितका वेळ राहील तितका त्यातला कस निघतो. म्हणून आतडं लांबच लांब, आणि ते मावावं म्हणून गुंडाळलेलं.

चाहत्यांचं दुसरं भांडण चक्राच्या दिशेवरून. खेळ सांगतो, की पॉलिवॅगच्या चक्राची दिशा प्रदेशाप्रमाणे बदलते. कल्पना झकास आहे! पण खरी पिल्लं इथे खेळाचं ऐकत नाहीत. प्रयोगशाळांत ज्याचा खूप अभ्यास होतो, त्या आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या पिल्लांचं आतडं पोटाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलेलं असतं. जवळजवळ प्रत्येकाचं तसंच. एखाद्याचं उलटं वळलेलं दिसलं, की शास्त्रज्ञांचे कान टवकारतात. शरीराला डावं-उजवं कसं कळतं, याचा धागा त्यांना तिथे सापडतो. आपलं हृदय डावीकडे झुकलेलं असतं, तेही असल्याच एका व्यवस्थेमुळे.

नावातही बेडकाचं पिल्लूच दडलंय. टॅडपोलला इंग्रजीत ‘पॉलिवॉग’ असंही म्हणतात, त्यावरून पॉलिवॅग. फ्रेंच मुलांचा तो ‘प्तितार’, म्हणजे ‘छोटं’ आणि ‘टॅडपोल’ हे त्यांचे दोन शब्द चिकटवलेले. मला सगळ्यात आवडतं ते मूळ जपानी नाव, ‘न्योरोमो’. जपानीत ‘न्योरो-न्योरो’ म्हणजे आपलं वळवळ! सळसळ, लुकलुक, वळवळ असे जोडशब्द आपल्याकडे ढीगभर आहेत, तसेच जपानीतही आहेत.

पॉलिवॅग मोठा झाला की त्याचा होतो पॉलिव्हर्ल. शेपूट जाते, हात येतात. हा क्रम अगदी बरोबर आहे. खऱ्या पिल्लालाही आधी मागचे पाय दिसतात, पुढचे नंतर, आणि शेपूट शेवटी आखडते. मात्र पॉलिव्हर्लच्या पोटावर चक्र तसंच राहतं, आणि इथे खऱ्या बेडकाची गोष्ट जास्त थरारक आहे. बेडूक होताना पिल्लू काही काळ खाणंच बंद करतं. आतडं आखडत जातं. त्या नखवाल्या बेडकात तर त्याची साधारण पाऊण लांबी नाहीशी होते! कारण आता शेवाळ बंद, किडे सुरू. किडे पचवायला एवढी लांब नळी लागत नाही. हा सगळा बदल गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या रसामुळे होतो. १९१२ साली गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने टॅडपोलना थायरॉइडचे तुकडे खायला घातले, तर ती वेळेआधीच बेडूक व्हायला लागली.

१९९९ साली आलेल्या खेळात पॉलिव्हर्लला आणखी एक वाट मिळाली, पॉलिटोडची. हा हिरवा बेडूक, डोक्यावर कुरळा तुरा. पोटावरचं ते काळं-पांढरं चक्र गायब! त्याचं जपानी नाव ‘न्योरोतोनो’. ‘तोनो’ म्हणजे सरदार किंवा राजा. जपानच्या भातखाचरांत खरोखरच एक बेडूक असतो, त्याचं नाव ‘तोनोसामा-गाएरू’, म्हणजे सरदारसाहेब बेडूक.

पायांबद्दलही चाहते शंका काढतात. शेपूटवाला टॅडपोल जमिनीवर कसा चालेल? तर ऐका, आपल्या सह्याद्रीत असे आहेत. इंडिराना नावाच्या बेडकांची पिल्लं डबक्यात राहतच नाहीत. पावसाळ्यात ज्या खडकांवरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो, त्यांना चिकटून ती शेवाळ खरवडतात. त्यांचे मागचे पाय लवकर वाढतात आणि धक्का लागला की ती शेपटीसकट टुणकन उडी मारतात. खेळातला पॉलिवॅग जमिनीवर धडपडतो, ही मात्र धडपडत नाहीत.

आणि सगळी पिल्लं शेवाळ खातात असंही नाही. पहिल्या जोरदार पावसात आपल्याकडे शेतात पिवळेधमक मोठे बेडूक डरावतात, ते पाहिलेत? ते भारतीय बुलफ्रॉगचे नर. त्यांची पिल्लं शिकारी असतात, चक्क दुसऱ्या बेडकांची पिल्लं गट्ट करतात. मांस खाणाऱ्या टॅडपोलचं आतडं आखूड असतं. ताजिरींनी लहानपणी असलं पिल्लू हातात धरलं असतं, तर पॉलिवॅगच्या पोटावर कितीतरी कमी वेढे आले असते.