अकालजात बालकाचे दोन वाढदिवस

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात 24 दिवसांचे एक बालक आणण्यात आले. 31 व्या आठवड्यात जन्म, वजन 1400 ग्रॅम. रुग्णालयातील काचेच्या पेटीतून ते नुकतेच घरी आले होते. ‘बाळसे धरत नाही’ एवढीच आजीची तक्रार. आम्ही मातेस शतावरी दिली, अभ्यंगासाठी तेल सांगितले आणि धीर दिला. रुग्णालयाचे सुटीचे कार्ड मातेच्या पिशवीत होते. आम्ही ते मागितले नाही. जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, असे त्यावर लिहिले होते. मुदतीस चार दिवस उरले होते. पाचव्या महिन्यात ‘दिव्याकडे पाहत नाही’ म्हणून बालक पुन्हा आले, तेव्हा दोन्ही पडदे निसटलेले होते. तो मुलगा आज अंधशाळेत शिकतो. हा लेख त्या न वाचलेल्या कार्डामुळे लिहीत आहोत.

शास्त्र आणि आजचा अनुभव

37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वीचा जन्म तो अकालप्रसव. जागतिक अंदाजानुसार 2020 मध्ये भारतात अशी सुमारे 30 लाख बालके जन्मली. जगातील कोणत्याही देशापेक्षा ही संख्या अधिक आहे. अष्टम मासी ओज अस्थिर असते, म्हणून त्या काळातील प्रसव चरक व सुश्रुत दोघांनीही अनिष्ट मानला आहे. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही लोकसमजूत मात्र आज टिकत नाही. गर्भाशयातील प्रत्येक अधिक आठवडा बालकाच्या हिताचाच असतो. नवजात चिकित्सेमुळे सातव्या आणि आठव्या, दोन्ही महिन्यांतील बहुसंख्य बालके आता जगतात. त्यामुळे प्रश्न केवळ जगण्याचा राहिलेला नाही. ती कशी वाढतात, हा आहे.

वय कोणते धरावे?

काश्यपसंहितेत एक वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकास फक्क म्हटले आहे, आणि त्याच्या चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे. परंतु 28 व्या आठवड्यात जन्मलेले बालक वर्षाचे झाले, तरी विकासाच्या हिशेबाने ते नऊच महिन्यांचे असते. जन्मतारखेवरून मोजलेल्या वयातून 40 आठवड्यांस कमी पडलेले आठवडे वजा करावेत. हे सुधारित वय होय. वजन, उंची व विकासाचे टप्पे दोन वर्षांपर्यंत याच वयाने पाहावेत. लसीकरण मात्र प्रत्यक्ष जन्मतारखेनुसारच व्हावे. म्हणूनच या बालकाचे दोन वाढदिवस मानावे लागतात.

सुधारित वय हे थांबून राहण्याचे निमित्त नव्हे. या वयाने तीन महिन्यांपर्यंत ओळखीचे हसू नाही, पाचव्या महिन्यात मान धरत नाही, नवव्या महिन्यानंतरही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षानंतरही चालत नाही, पायांची कात्री होते, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरला जातो, यांपैकी काहीही दिसले तर ‘हळूहळू येईल’ म्हणू नये. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

मुदतीच्या तपासण्या

34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमहून कमी वजनाच्या प्रत्येक बालकाचा नेत्रपटल जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासला जावा. फारच लहान बालकांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. वेळेत लेसर केल्यास बहुतेकांची दृष्टी वाचते. श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, दोष आढळल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत.

पुढील आयुष्याविषयी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील अभ्यास आपल्या जवळचा आहे. 1987 ते 1989 या काळात तेथून घरी गेलेल्या, 2000 ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी 18 व्या वर्षापर्यंत केला. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत, पण पूर्ण दिवसांच्या व पुरेशा वजनाच्या मुलांपेक्षा कमी आढळली. जी अकालीही जन्मली आणि गर्भातही खुरटली होती, ती सर्वांत मागे होती. अकालजात मुलांत चष्मा, दम्यासारखी घरघर, अभ्यासातील अडचणी व तरुणपणी वाढलेला रक्तदाब अधिक आढळतो. म्हणून दहाव्या वर्षी खोकल्यासाठी आलेल्या मुलासही ‘जन्म कितव्या महिन्यातला?’ हे विचारावे.

आपले क्षेत्र आणि मर्यादा

वैद्यास येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली कांगारू पद्धती, म्हणजे बालकास उघड्या छातीशी धरणे, जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये जन्मापासूनच दिवसाचे 8 ते 24 तास सुचवली आहे. त्वचेस तेल लावण्याचाही विचार करता येईल, असे त्याच शिफारशींत म्हटले आहे. मात्र हात हलका असावा. मोहरीचे तेल टाळावे. आईचे दूध टिकवणे, सूतिकेचा आहार व तिचे मन सांभाळणे हे तर आपलेच काम.

तितक्याच स्पष्टपणे काही गोष्टी थांबवाव्या लागतील. धुरी व शेगडीचा धूर या कोवळ्या फुप्फुसांस घातक आहे. कढत पाण्याने न्हाऊ घालणे, टाळू दाबून भरणे, काजळ घालणे टाळावे. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यातील जंतूंच्या विषाने अर्भकाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटी वा सुवर्णप्राशन मधातून देणाऱ्यांनी याचा विचार करावा. लेहन कोणास देऊ नये, हेही काश्यपांनीच लेहाध्यायात सांगितले आहे.

औषधालय चालविणाऱ्या बंधु-भगिनींस विशेष विनंती. गुटी किंवा बाळतेल मागण्यास आलेल्या आजीला दोनच प्रश्न विचारावेत : बाळ पुऱ्या दिवसांचे आहे का? नसल्यास डोळे तपासले का? बालरोगतज्ज्ञांनी दिलेले लोह व ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब आपल्या औषधाच्या भरवशावर बंद होणार नाहीत, हेही पाहावे.

आमच्या चिकित्सालयात आता लहान मुलाची नाडी पाहण्यापूर्वी सुटीचे कार्ड मागितले जाते. सभासदांनीही हा प्रघात उद्यापासून सुरू करावा. त्यास खर्च काहीच नाही.