यामाहाचा अखेरचा सीडी रायटर
संगीतवाद्यांसाठी ख्यातनाम असलेल्या जपानच्या यामाहा कंपनीने २००३ मध्ये सीडी रायटरच्या बाजारातून माघार घेतली. सीडी रायटरमधला लेसर कोऱ्या सीडीतील रंगद्रव्याच्या थरावर उष्णतेने खुणा उमटवतो. वाचताना या खुणांवरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि त्या फरकातून माहिती उलगडते. मूळ वेगाने ७०० मेगाबाइटची सीडी भरायला सुमारे ८० मिनिटे लागत. यामाहाच्या २००२ मधील ‘सीआरडब्ल्यू-एफ१’ने ४४ पट वेग गाठला. शिवाय सीडीच्या रिकाम्या राहिलेल्या भागावर लेसरनेच चित्रे वा अक्षरे उमटवण्याची दुर्मीळ सोय त्यात होती. मात्र तोवर रायटरच्या किमती झपाट्याने उतरल्या होत्या, डीव्हीडी रायटरही येऊ लागले होते. अशा बाजारात गुणवत्तेला वेगळा दाम मिळणे कठीण झाले. एफ१ हाच यामाहाचा अखेरचा सीडी रायटर ठरला.