कड्यावर नको, ओट्यावर विचारा!

कॉफी शॉपमधलं प्रपोज आता जुनं झालं, बॉस! गुलाब, टेडी, कँडललाइट डिनर... सगळं करून झालं. शुक्रवारी रात्री लॅपटॉपची बॅग टाकून सॅक उचलणाऱ्या मंडळींना आता हवंय शिखर, सूर्योदय आणि गुडघा टेकून विचारलेला 'तो' प्रश्न.

आयडिया झकास आहे. दमल्यावर, भिजल्यावर, शेवटची पाण्याची बाटली वाटून घेताना माणूस कसा वागतो, हे दहा डेट्समध्ये कळत नाही. पण डोंगरावर एक गोष्ट नसते. एक्झिट!

कॉफी शॉपमधून 'नाही' म्हणून रिक्षा पकडता येते. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, रिक्षा कुठली? समजा, पंचवीस जणांच्या ग्रुपसमोर तुम्ही अंगठी काढली. शिट्ट्या, टाळ्या, मोबाइल रेकॉर्डिंगवर. तिला विचार करायला वेळ हवा असेल, तर तो मागणार कसा? नकार दिलाच, तर त्याच शिड्या तुमच्यासोबत उतरायच्या आणि त्याच बसमधून घरी यायचं. अशा वेळी मिळालेला 'हो' बारी गावात उतरेपर्यंत टिकेलच असं नाही. (विचारणारी 'ती' असली, तरी हिशेब तोच!)

म्हणून आधी जागा नीट निवडा.

कळसूबाई : महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, त्यामुळे फोटो भारी. पण वीकेंडला शिड्यांवर रांग आणि वर देवळाभोवती गर्दी. प्रायव्हसी शून्य.

हरिश्चंद्रगड : कोकणकड्यावरचा सूर्यास्त खल्लास! पण कडा आत वळलेला, वारा भन्नाट. जाणते ट्रेकर्स इथे पोटावर झोपून खाली डोकावतात. गुडघा टेकायचाच असेल, तर कड्यापासून लांब.

राजमाची : आमची पसंती हीच. लोणावळ्याहून साधारण १५ किलोमीटरची, बरीचशी सपाट वाट. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी. रात्री गावातल्या एखाद्या घरी पिठलं-भाकरी खायची, ग्रुप अंताक्षरीत रमला की दोघांनी बाहेर ओट्यावर बसायचं आणि हळूच विचारायचं. ना प्रेक्षक, ना कॅमेरा.

आणि हे लक्षात असू द्या :

- खूप चालल्यावर बोटं सुजतात. अंगठी अडली, तर अपशकुन समजू नका! डबी सॅकच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवा.
- परफ्यूम घरीच ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास आणि धूर त्यांना चालत नाही.
- पावसाळ्यात खडक निसरडे असतात. अशा जागी सरप्राइज नकोच.
- हिमालयात जाताय? साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेनं डोकं दुखतं, मळमळतं. अशा डोक्याला आयुष्यभराचा प्रश्न विचारू नका. खाली उतरल्यावर विचारा.
- लीडरला आधी सांगा, पण 'घोषणा करू नको' असंही बजावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विचारून झाल्यावर 'उत्तराची घाई नाही' हे वाक्य जरूर म्हणा. ट्रेकमध्ये आपण मागे राहिलेल्यासाठी थांबतोच ना? तसंच इथेही थांबायचं.

उत्तर 'हो' आलं, तर दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनवर चढून सेलिब्रेट करा. 'नाही' आलं, तर चहा घ्या आणि सॅक भरा. उधेवाडीतून परतीच्या वाटा दोन आहेत, एक लोणावळ्याला आणि दुसरी कोंदिवड्याहून कर्जतला. कोणती घ्यायची, ते मात्र तिला ठरवू द्या!