ऑफिसच्या सर्चमध्ये हवं ते पान का सापडत नाही?

आजचा विषय म्हणजे कंपनीच्या इंट्रानेटवरचा सर्च. आधी माझा किस्सा सांगते.

रात्रीचे दोन वाजलेले, ऑन-कॉल मी. डेटाबेस बसला. सर्चमध्ये ‘डेटाबेस रिस्टोअर’ टाकलं आणि पहिल्याच पानावरच्या कमांड चालवत गेले. तासाभराने लक्षात आलं, हे पान चार वर्षांपूर्वीच्या सर्व्हरचं! नवीन पान होतं की, पण सतराव्या नंबरवर.

मग मनात आलं, गूगलला जमतं ते इथे का जमत नाही? गूगलची सुरुवातच 1998मध्ये लिंक मोजण्यावर झाली. एखाद्या पानाला इतरांनी लिंक दिली, की ते त्याच्या बाजूने मत. ऑफिसात कोण कोणाच्या पानाला लिंक देतंय? त्यामुळे उरतात फक्त शब्द.

आमचा सर्च इलॅस्टिकसर्चवर चालतो. त्यातलं नेहमीचं सूत्र म्हणजे बीएम25. ते तीन गोष्टी बघतं: शब्द पानात किती वेळा आलाय, एकूण पानांमध्ये तो किती दुर्मिळ आहे आणि पान किती लांब आहे. दुर्मिळ शब्दाला जास्त वजन द्यायची कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स यांनी 1972मध्ये मांडली. पण बघा, यात तारीख कुठेच नाही! जुनं पान वर येणारच.

मग आम्ही काय केलं? आधी सर्चचा लॉग वाचला. लोक ‘डब्ल्यूएफएच’ शोधत होते आणि पानाचं नाव होतं ‘रिमोट वर्क पॉलिसी’. निकाल शून्य. म्हणून समानार्थी शब्दांची यादी केली. शीर्षकातल्या शब्दाला जास्त वजन दिलं. प्रत्येक पानाला एक मालक नेमला आणि त्याने शेवटचं कधी तपासलं, ती तारीख लावली. नुसती एडिटची तारीख धरू नका हं, कोणी स्पेलिंग सुधारलं तरी जुनं पान ‘ताजं’ होतं!

शेवटचं आणि महत्त्वाचं: सगळ्यात जास्त शोधले जाणारे पन्नास शब्द घ्या, प्रत्येकासाठी योग्य पान कोणतं हे त्या-त्या टीमला विचारून लिहून ठेवा. सेटिंग बदललं की हे पन्नास पुन्हा तपासा. नाहीतर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडलेलं कळतच नाही.

महागडं टूल घ्यायच्या आधी एवढं करून बघा. रात्री दोन वाजता कोणीतरी तुमचंच पान उघडणार आहे. भेटू पुढच्या भागात!