शाळेसाठी इंटरनेटची जोडणी : सवलतीचा दर आणि वर्षाचा खर्च

प्राथमिक शाळेच्या कामकाजात इंटरनेटची गरज आता अपवादात्मक राहिलेली नाही. विद्यार्थ्यांची माहिती ‘यूडायस प्लस’ व ‘सरल’ या प्रणालींत भरावयाची असते, पोषण आहाराची नोंद पाठवावयाची असते, आणि ‘दीक्षा’वरील पाठ मोठ्या पडद्यावर दाखविण्याचा उपक्रमही पुष्कळ शाळांनी हाती घेतला आहे. हे काम बहुतेक गावी शिक्षकाच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर व त्याच्याच खर्चाने चालते. यास्तव शाळेची स्वतंत्र जोडणी असावी, असा विचार शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतो. आणि त्याच सुमारास बसस्थानकाजवळच्या फलकावर किंवा गावात फिरणाऱ्या प्रतिनिधीच्या हातातील कागदावर ‘दरमहा ४०० रुपये, राउटर मोफत’ अशी सवलत वाचावयास मिळते. ही सवलत खोटी असते असे नव्हे. परंतु तो आकडा महिन्याचा असतो, त्यातही आरंभीच्या काही महिन्यांचा असतो, आणि शाळेचा हिशेब मात्र वर्षाचा असतो.

हा हिशेब किती ओढाताणीचा आहे हे शिक्षकांस सांगावयास नको. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस संयुक्त शाळा अनुदान वर्षाकाठी १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५,००० रुपये असे ठरलेले आहे. त्यातील दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी बाजूस काढावयाचा, आणि उरलेल्यात वीजबिल, खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती असे सारे बसवावयाचे. दोनशिक्षकी शाळेने इंटरनेटवर वर्षास सात हजार रुपये खर्च केले, तर छपराच्या दुरुस्तीस व विजेच्या बिलास काय उरेल? दर पाहण्यापूर्वी हा प्रश्न विचारला पाहिजे.

त्याहूनही आधीचा प्रश्न असा की, शाळेपर्यंत पोचते काय? जालना शहरात दोन-चार कंपन्यांत निवड करता येते. वस्तीवरील शाळेस अशी निवड सहसा नसते.

सर्वांत खात्रीची जोडणी फायबरची, म्हणजे काचेच्या बारीक तंतूची होय. तिच्यात संदेश प्रकाशाच्या रूपाने जातो. त्यामुळे अंतराने वेग फारसा घटत नाही, आणि तंतू धातूचा नसल्याने विजेच्या कडकडाटात तारेवाटे यंत्र जळण्याचा धोकाही कमी असतो. ग्रामीण भागात फायबर नेण्याची मोठी शासकीय योजना म्हणजे भारतनेट. तिला ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजुरी मिळाली आणि २०१५ मध्ये तिचे नामांतर झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणे हा तिचा उद्देश होता. येथे ‘ग्रामपंचायतीपर्यंत’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. ग्रामपंचायतीच्या इमारतीत यंत्र बसले म्हणून दोन-तीन किलोमीटरवरील वस्तीच्या शाळेत जोडणी आली असे होत नाही. तो शेवटचा टप्पा कोणीतरी खांबांवरून तार ओढून पुरा करावा लागतो. केंद्रीय अर्थसंकल्पात १ फेब्रुवारी २०२५ रोजी ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांना व प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटद्वारे ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. त्या वाक्यात प्राथमिक शाळांचा उल्लेख नाही. तथापि ज्या गावी माध्यमिक शाळा किंवा आरोग्य केंद्र आहे, तेथे फायबर आले की शेजारच्या प्राथमिक शाळेपर्यंत तार आणणे सोपे होईल. अशा गावच्या मुख्याध्यापकांनी वर्षभराचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी ग्रामसेवकाकडे चौकशी करावी.

फायबरचा शत्रू म्हणजे खोदकाम. रस्ता रुंद होत असेल, नळयोजनेची वाहिनी टाकली जात असेल, तर यंत्राच्या फाळाखाली तंतू तुटतो आणि तो जोडण्यास खास उपकरण व जाणता माणूस लागतो. तालुक्याच्या गावी असा माणूस आहे की तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावयाचा, यावर शाळेची जोडणी दोन दिवस बंद राहील की दोन आठवडे, हे ठरते.

तांब्याच्या दूरध्वनी तारेवरील जोडणी ही जुनी पद्धत. तीत केंद्रापासून अंतर वाढेल तसा वेग उतरतो. नव्याने ती घेण्याचे कारण आता उरलेले नाही.

जेथे फायबर नाही तेथे बिनतारी जोडणीचा विचार करावा. तिचे दोन प्रकार आढळतात. एकात स्थानिक व्यावसायिक उंच मनोऱ्यावरून शाळेच्या छतावरील लहान तबकडीकडे लहरी पाठवितो. दुसऱ्यात भ्रमणध्वनी कंपनीच्या ४जी किंवा ५जी मनोऱ्यावरून येणारी लहर घराबाहेर बसविलेले यंत्र पकडते. ‘एअरफायबर’ या नावाने विकली जाणारी सेवा ती हीच. नावात फायबर असले तरी शाळेत तंतू येत नाही, हे ओळखून असावे. पहिल्या प्रकारात मनोरा आणि तबकडी यांच्यामध्ये आडोसा चालत नाही. अंबड, घनसावंगीच्या गोदाकाठच्या सपाट शिवारात ही अडचण थोडी. भोकरदन, जाफराबादच्या चढउताराच्या भागात एखादी टेकडी किंवा वाढलेले लिंबाचे झाडही जोडणी बिघडविण्यास पुरेसे होते.

उपग्रहाद्वारे मिळणारी जोडणी डोंगरदऱ्यांतही पोचते. परंतु सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील स्थिर उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यात संदेशास सुमारे पाव सेकंद लागतो, आणि खर्चही मोठा. आपल्या जिल्ह्यातील शाळेस तिची गरज क्वचितच पडावी.

आता वेगाविषयी. जाहिरातीत ‘३० एमबीपीएस’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ सेकंदास ३० मेगाबिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हा प्रत्यक्षात सेकंदास पावणेचार मेगाबाइट इतकीच सामग्री उतरते. ३०० मेगाबाइटचा पाठ उतरवून घेण्यास या वेगाने ८० सेकंद लागतात. ठरावीक मर्यादेपलीकडे वापर झाला की बहुतेक योजनांत वेग उतरतो. तो २ एमबीपीएसवर आला, तर त्याच पाठास २० मिनिटे लागतील. (सातवीच्या वर्गास घालण्याजोगे हे उदाहरण आहे.) गंमत अशी की, जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची शासकीय व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी आहे, २०१३ पासून ती ५१२ केबीपीएस व २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती. म्हणजे उतरलेल्या वेगासही ब्रॉडबँडच म्हणता येते.

तथापि वापराच्या मर्यादेची शाळेने फारशी धास्ती घेण्याचे कारण नाही. मध्यम स्पष्टतेचा चित्रपाठ तासभर दाखविल्यास साधारणपणे अर्धा ते पाऊण गीगाबाइट सामग्री लागते. महिन्याचे २५ दिवस रोज एक तास धरला तरी वीस गीगाबाइटच्या आत भागते, आणि घरगुती फायबर योजनांतील मर्यादा शेकडो गीगाबाइटच्या असतात. म्हणून १०० एमबीपीएसचा वेग, त्यासोबत चित्रपटांची व क्रिकेटची सभासदत्वे, असा गठ्ठा सवलतीत मिळाला तरी तो शाळेस महागच पडतो. एक पडदा व एक संगणक चालविणाऱ्या शाळेस ३० एमबीपीएस पुरेसे आहेत.

किमतीची तुलना उदाहरणाने पाहू. समजा, पहिली योजना आरंभीचे सहा महिने दरमहा ४०० रुपये व पुढे ६०० रुपये अशी आहे, आणि जोडणीचा आकार ५०० रुपये. दुसरी योजना सरळ दरमहा ५०० रुपयांची, परंतु ११ महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास १२ महिने सेवा. जोडणीचा आकार १,००० रुपये. दोहोंवर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. पहिल्या योजनेत वर्षाचे भाडे ६,००० व जोडणी ५०० मिळून ६,५०० रुपये, करासह ७,६७० रुपये. दुसरीत भाडे ५,५०० व जोडणी १,००० मिळून ६,५०० रुपयेच, करासह तेवढेच ७,६७० रुपये. पहिल्या वर्षी दोन्ही योजना सारख्या ठरल्या! फलकावर मात्र एकीचा दर ४०० व दुसरीचा ५०० असा दिसत होता. दुसऱ्या वर्षी पहिलीचा खर्च ८,४९६ रुपये होईल आणि दुसरीचा ६,४९०. म्हणजे २,००६ रुपयांचे अंतर पडेल. ‘स्वस्त’ योजनेचे हे रूप दुसऱ्या जूनमध्ये कळते.

अर्थात दुसरीतही धोका आहे. पैसे आगाऊ गेले आणि सेवा बंद पडली, तर तक्रारीखेरीज शाळेच्या हाती काही राहत नाही. म्हणून सेवा देणारा नवखा असेल तर आरंभी तीन महिन्यांचेच पैसे भरावेत, जरी त्यात सवलत बुडत असली तरी. राउटर ‘मोफत’ असल्यास तो शाळेच्या मालकीचा की परत करावयाचा, अनामत किती, आणि ठरावीक मुदतीपूर्वी जोडणी सोडल्यास दंड काय, हे लेखी घ्यावे. आणखी एक गोष्ट विचारावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीस वर्षाचे किमान २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस कामाचे असतात. जोडणीचे पैसे मात्र ३६५ दिवसांचे जातात. उन्हाळी सुटीत जोडणी स्थगित ठेवता येत असेल, तर तेवढी बचत सवलतीहून मोठी ठरू शकते.

याउलट, बारा-पंधरा मुलांच्या वस्तीशाळेस, जेथे वर्गात ४जीची रेंज चांगली आहे, स्वतंत्र सिमकार्ड घातलेले लहान राउटर यंत्र पुरेसे होते. यंत्राची किंमत तेवढी एकदाच पडते. तेथे ‘महिना’ २८ दिवसांचा असतो, हे विसरू नये. २८ दिवसांचा रिचार्ज ३०० रुपयांचा धरला, तर वर्षास बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात व खर्च ३,९०० रुपये होतो. वरील उदाहरणापेक्षा तो निम्माच आहे. रोजच्या दीड गीगाबाइटमध्ये दोन तासांचे पाठ व नोंदींचे काम होते. फायबर नाही म्हणून अशा शाळेने कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. रेंज अगदीच दुबळी असेल, तर ‘दीक्षा’वरील पाठ तालुक्याच्या गावी उतरवून घेऊन शाळेत जोडणीविना दाखविता येतात. २०२० च्या जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तेव्हा घरी इंटरनेट नसलेल्या मुलांनाही पाठ पाहता आले, हे शिक्षकांस आठवत असेल.

निवड करण्यापूर्वी दोन दिवस चौकशीसाठी द्यावेत. शाळेच्या वेळेत, म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास, निरनिराळ्या कंपन्यांच्या भ्रमणध्वनींवर वर्गात व वर्गाबाहेर वेग मोजावा. जाड भिंतींच्या जुन्या खोल्यांत तो बराच उतरतो. नंतर ग्रामपंचायत कार्यालय, आपले सरकार सेवा केंद्र, बँकेचा ग्राहक सेवा प्रतिनिधी व दूध संकलन केंद्र येथे विचारावे की, गेल्या पावसाळ्यात जोडणी किती दिवस बंद होती आणि दुरुस्तीस कोण आले. ज्यांचा रोजचा धंदा जोडणीवर चालतो त्यांचे उत्तर प्रतिनिधीच्या कागदापेक्षा अधिक भरवशाचे असते. वीज जाते तेव्हा राउटरही बंद पडतो. त्यासाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस खर्चात धरावा. बिघाड झाल्यास कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घेऊन वहीत लिहावा. तेथे दाद न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. २०१२ च्या नियमांनी ही सोय केली आहे आणि तिच्यासाठी तो क्रमांक लागतो.

जोडणी शाळेच्या नावे घ्यावी, मुख्याध्यापकाच्या वैयक्तिक नावे नव्हे. स्वतःच्या आधारकार्डावर व स्वतःच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर घेतलेली जोडणी सोयीची वाटते; परंतु बदलीनंतर देयकाचे संदेश जुन्या गुरुजींकडे जात राहतात, नव्यांस संकेतशब्द ठाऊक नसतो, आणि अनामत परत मागण्याचा अधिकार शाळेकडे राहत नाही. काही कंपन्या संस्थेस घरगुती दर देत नाहीत. तसे असल्यास संस्थेचा दर धरूनच वरील हिशेब करावा. समितीचा ठराव, अनामतीची पावती, राउटरचा क्रमांक, योजनेचे नाव व मुदत संपण्याचा दिनांक यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीजवळ एकत्र ठेवावी आणि पदभार देतेवेळी ती वाचून दाखवून सही घ्यावी.