दोरी आणि चिंध्या : यिर्मया व एबद-मलेख यांची साक्ष

पीडितांची बाजू घेणे हे धाडसी समाजसेवकांचे काम आणि छळातही श्रद्धेत अढळ राहणे हे हुतात्म्यांचे भाग्य, असे आपण सहज मानतो. ही दोन कर्तव्ये निराळी असून ती आपल्यासारख्या सामान्य माणसांच्या वाट्याची नाहीत, असाही समज असतो. पवित्र शास्त्र मात्र ही दोन्ही कर्तव्ये चिखलाने भरलेल्या एका टाक्यापाशी एकत्र आणते. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय आणि ३७ ते ३९ हे अध्याय सलग वाचले म्हणजे त्यांतील नाते स्पष्ट होते.

यिर्मया हा यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावातील याजकांच्या घराण्यातला. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या १३ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, त्याला कोवळ्या वयात परमेश्वराचे पाचारण झाले. पुढे यहोयाकीम राजाने मजुरांची मजुरी बुडवून स्वतःसाठी प्रशस्त महाल उभारला, तेव्हा यिर्मयाने त्याचा उघड धिक्कार केला. गोरगरिबांना न्याय देणाऱ्या राजानेच परमेश्वराला खऱ्या अर्थाने ओळखलेले असते, ही त्याची शिकवण होती.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा दिला तेव्हा सिद्कीया राजा गादीवर होता. संकट दाराशी येताच राजाने आणि प्रजेने परमेश्वरासमोर करार करून आपल्या इब्री दासदासींना मुक्त केले. वास्तविक सहा वर्षांच्या चाकरीनंतर सातव्या वर्षी इब्री दासाला सोडावे, असे नियमशास्त्र पूर्वीपासून सांगत होते. पण ते पाळले गेले नव्हते. इतक्यात मिसरचे सैन्य निघाल्याची वार्ता आली आणि बाबेलच्या सैन्याने वेढा उठवला. भीती ओसरली आणि मुक्त केलेल्या त्याच माणसांना धन्यांनी पुन्हा गुलामीत जुंपले! संकटात केलेला नवस संकट टळताच मोडला गेला. दुर्बलांच्या या फसवणुकीमुळे परमेश्वराच्या नावाला काळिमा लागला आहे, असे यिर्मयाने बजावले.

वेढा उठलेल्या त्याच काळात तो वतनाच्या कामासाठी बन्यामीन प्रांताकडे निघाला असता वेशीवर त्याला अटक झाली. तो शत्रूला फितूर झाल्याचा आरोप ठेवून सरदारांनी त्याला मारहाण केली आणि अंधारकोठडीत टाकले. हा आरोप खोटा होता. नगराच्या पाडावानंतर बाबेलच्या अधिकाऱ्याने त्याला सन्मानाने आपल्याबरोबर नेण्याची तयारी दाखवली, तेव्हा यिर्मया मागे उरलेल्या गोरगरिबांमध्येच राहिला, असे ४० वा अध्याय सांगतो. पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची रीत किती जुनी आहे, हे यावरून कळते.

राजाने गुप्तपणे बोलावून परमेश्वराचा संदेश विचारला, तेव्हा एक गोड शब्द बोलून यिर्मयाला सुटका मिळवता आली असती. त्याने पूर्वीचाच कटू संदेश पुन्हा सांगितला. तो निर्भय होता म्हणून नव्हे; त्या कोठडीत आपण मरू, तिथे परत पाठवू नका, अशी विनवणी त्याने त्याच भेटीत केली. श्रद्धावंताला भीती वाटते. पण त्या भीतीला तो आपला संदेश बदलू देत नाही.

त्यानंतर सरदारांनी त्याच्या मृत्यूची मागणी केली. तुमच्यापुढे माझे काही चालत नाही, असे म्हणून सिद्कीयाने त्याला त्यांच्या स्वाधीन केले. सहा शतकांनंतर हात धुणाऱ्या पिलाताची इथे आठवण होते. सरदारांनी यिर्मयाला दोरांनी एका टाक्यात सोडले. त्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता आणि त्या चिखलात तो रुतला.

सारे यरुशलेम गप्प असताना एक परका माणूस पुढे आला. त्याचे नाव एबद-मलेख, म्हणजे ‘राजाचा सेवक’. मिसरच्या दक्षिणेकडील कूश देशाचा तो राजवाड्यातील खोजा होता. परदेशी आणि त्यातही खोजा, म्हणून उपासकांच्या मंडळीत त्याला स्थान नव्हते. राजा बन्यामिनी वेशीत सर्वांसमक्ष बसला असताना त्याने तिथे जाऊन, या माणसांनी दुष्टपणा केला आहे, असे स्पष्ट सांगितले. राजाने त्याला बरोबर ३० माणसे नेण्याची आज्ञा दिली.

या ठिकाणी शास्त्रलेखक एक लहानसा तपशील नोंदवतो. एबद-मलेख प्रथम कोठारात गेला, तेथून जुनी फाटकी वस्त्रे व चिंध्या घेतल्या आणि त्या दोरांनी खाली सोडल्या. दोर काचू नयेत म्हणून त्या बगलेत धर, असे त्याने यिर्मयाला सांगितले. ज्याला वर काढायचे त्याला इजा होऊ नये, याचाही विचार त्याने केला होता. पुढे नगर पडले. पण तू माझ्यावर भाव ठेवलास म्हणून तुझा जीव वाचेल, असे आश्वासन परमेश्वराने या परक्याला दिले होते. म्हणजे त्याने दुसऱ्यासाठी केलेल्या धाडसालाच परमेश्वराने श्रद्धा म्हटले.

या दोन्ही साक्षी आपल्या देशात एकाच जीवनात दिसल्या. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात सावकारीने पिळलेल्या आदिवासींना संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून प्रवास करताना त्यांची हत्या झाली. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

आपल्यापैकी फार थोड्यांना टाक्यात उतरावे लागेल. काठावर मात्र आपण रोजच उभे असतो. उचल घेतल्यामुळे वीटभट्टीवर अडकलेले कुटुंब किंवा महिन्याचा पगार अडवलेली घरकाम करणारी भगिनी आपल्या आसपासच असते. त्यांच्यासाठी वेशीत जाऊन बोलणे ही पहिली पायरी. मदत करताना त्यांचा मान राखणे, देणगीबरोबर त्यांचे छायाचित्र न मागणे, ही दुसरी. दोर पुष्कळांकडे असतो. चिंध्या शोधण्यासाठी कोठारापर्यंत जाण्याची सवड आपण काढतो का, हा प्रश्न प्रत्येकाने प्रार्थनेत स्वतःला विचारावा.